माया वजा जाता

४ मार्च

दादा,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण मागच्या खेपेला मी "सात तारखेला येते" म्हणाले आणि तू "साठ जण येताहेत" असं ऐकून वहिनींना धसका दिलास. चाळीस वर्षं कानस घासून तुझ्या कानांचं जे काही झालं आहे, ते पाहता लिहिलेलं बरं.

मला सायकल घ्यायची आहे. वय वर्षं सत्तावन्न. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. लहानपणी तुझ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर जेवढी चालवली तेवढीच. स्वतःची म्हणावी अशी कधी झाली नाही. आता गिऱ्हाईक वाढलं आहे, लांबलांबच्या घरी मापं घ्यायला जावं लागतं. चौकातल्या दुकानात एक निळी तयार सायकल उभी आहे. ती घेऊ का, एवढंच विचारायचं होतं. पंधरा जूनच्या आत हवी. तू हो म्हटलंस की जाऊन घेऊन येते.

तुझी
टाचणी


११ मार्च

टाचणे,

हो म्हणत नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गेला नाही. तुझी वहिनी म्हणते, दोन्ही दिवस भात मागून घेतला. पण मागून घेणं वेगळं आणि गोड लागणं वेगळं.

तयार सायकल! अगं, दुकानातली सायकल कोणासाठी बनवतात ठाऊक आहे? सरासरी माणसासाठी. सरासरी पाय, सरासरी हात, सरासरी पाठ. हा सरासरी माणूस चाळीस वर्षांत माझ्या दारात एकदाही आलेला नाही. आले ते सगळे कुठे ना कुठे वाकडे. पोस्टमास्तरांचा डावा पाय बोटभर आखूड. गाणं शिकवणाऱ्या बाईंचे हात इतके लांब की कुठल्याही सायकलवर बसल्या तरी हँडल पोटात शिरायचं. दातांचे डॉक्टर तर सायकलवरही समोरच्याच्या तोंडात बघितल्यासारखे बसायचे. त्यांना मी त्यांच्या वाकण्याप्रमाणे बनवून दिली. चौदा महिने लागले, पण काय सायकल झाली! (वहिनी मागून म्हणते आहे, "तोवर डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, तेही लिहा." लिहिलं.)

आणि हे मी तुला शिकवायचं? तू शिवणारी बाई. इथे येणाऱ्याजाणाऱ्याला मी अभिमानानं सांगतो की तयार कपड्यांनी सगळे शिंपी गिळले, माझी बहीण तेवढी पाय रोवून उभी आहे. आणि तू लिहितेस की गिऱ्हाईक वाढलं! छाती फुगली माझी. अशी बाई तयार सायकलवर बसून लोकांची मापं घ्यायला निघाली, तर लोक तोंडावर हसतील.

सायकल मी बनवणार. सोबत प्रश्नांचा कागद आहे. एकवीस प्रश्न आहेत, सगळ्यांची उत्तरं दे. अठराव्याला लाजू नकोस.

दादा


१५ मार्च

वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकते आहे. दादाच्या हाती पडू देऊ नका.

दुकान मी फेब्रुवारीतच बंद केलं. मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलं आहे. गिऱ्हाईक वाढलं वगैरे सगळ्या थापा. शेवटचे सहा महिने मी फक्त पँटींच्या चेन बदलत होते. एकानं तर पिशवीची चेन आणली होती.

गावाबाहेरच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं चार मजली दुकान झालं आहे. तिथे पंधरा जूनपासून नोकरी मिळाली. लोकांनी घेतलेल्या पँटी खालून कापायच्या आणि दुमडून द्यायच्या. काम वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. पण बस नको त्या वेळेला जाते, आणि चालत जायचं तर माझा गुडघा अर्ध्या वाटेतच राजीनामा देतो. म्हणून सायकल.

आता दादाला काय सांगू? तो गावभर सांगत सुटला आहे की माझी बहीण पाय रोवून उभी आहे. त्याला कसं लिहू की बहिणीनं पाय उचलला आणि नेमका तिकडेच टाकला? त्याची मान खाली जाईल, आणि माझ्यामुळे जाईल, हे मला सोसायचं नाही.

त्यात आणखी एक. काल मी गुपचूप त्या निळ्या सायकलवर बसून पाहिलं. बसले मात्र आणि कपाळावर हात मारला. पाय बरोबर टेकले, हात बरोबर पोचले, पाठीनं हूं की चूं केलं नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, सीट हलवायचीसुद्धा गरज नाही." वहिनी, दादाचा तो सरासरी माणूस सापडला. मीच ती.

सांगा, आता काय करू?

तुमची
टाचणी


२० मार्च

टाचणीस,

पत्र पोचलं. शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवलं आहे. तो आजवर कोणी मागितलेला नाही.

खरं सांगून टाक, असं मी म्हणेन. तू सांगणार नाहीस. दोघंही एकाच आईची लेकरं, वाकायचं म्हटलं की मोडता. तेव्हा मापं पाठव आणि गप्प बस. तारखेचं मी बघते. नळ्या जोडायला ह्यांना महिना पुरतो, बाकीचं वर्ष सांध्यांवर वेलबुट्टी कोरण्यात जातं. वेलबुट्टीची बारीक कानस आजपासून वाचनालयात माझ्या खणात आहे.

वहिनी


२६ मार्च

दादा,

बरं बाबा, बनव. पण पंधरा जून म्हणजे पंधरा जून. गिऱ्हाइकांना शब्द दिला आहे.

उत्तरं कागदावर भरली आहेत. नवव्या प्रश्नाचं उत्तर: हो, चढावर दात आवळते, आणि उतारावर त्याहून जास्त. चौदाव्याचं: घंटी उजव्या हाताला, कारण डाव्या हातानं मी डोक्यावरचा रुमाल धरणार. अठराव्याचं उत्तर वाच आणि कागद जाळ.

मापं मी स्वतः आरशासमोर उभं राहून दोनदा घेतली. तिसऱ्यांदा शेजारच्या नर्सबाईंकडून घेऊन ताडून पाहिली. मांडीच्या मुळापासून टाचेपर्यंत अठ्ठावीस इंच. खांद्यापासून मुठीपर्यंत तेवीस. बाकीची कागदावर आहेत. सूतभरही इकडेतिकडे नाही, डोळे मिटून नळ्या काप.

तुझी
टाचणी


१० मे

टाचणे,

सांगाडा उभा राहिला! एवढ्या झटपट आजवर कधीच झालं नव्हतं. माझी बारीक कानस कुठेतरी हरवली. सगळी फळी उपसली, पलंगाखाली शिरलो, तुझ्या वहिनीनंही माझ्याबरोबर मोठ्या तळमळीनं शोधली. सापडली नाही. त्यामुळे सांधे साधेच ठेवले. नाइलाजानं ठेवले, पण दिसतात बरे. नळ्या जोडणाऱ्या पितळेची रेघ सांध्यातून अशी केसासारखी बाहेर आली आहे की काल कारखान्याचा दिवा बंद करून मी बॅटरीनं ती बघत बसलो होतो.

मापांची काळजी करू नकोस. तू लिहिलंस ते वाचलं आणि तू न लिहिलेलंही ओळखलं. शेवटी मी तुझा भाऊ आहे.

रंग गडद हिरवा दिला आहे. विसाच्या सुमारास मालगाडीनं रवाना करतो. पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात उतरशील, तेव्हा त्यांना सांग की ही भावानं केली.

दादा


३० मे

दादा,

सायकल परवा पोचली. खोका उघडला. इतकी सुंदर वस्तू आजवर कोणी माझ्या नावानं बनवलेली नव्हती. नर्सबाई आल्या, वरच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार आले, सगळ्यांनी नळ्यांवरून हात फिरवला. हवालदार म्हणाले की अशी सायकल चोरणाऱ्यालाही त्यांनी सलाम केला असता.

मग मी बसले.

दादा, कसं लिहू? गुडघे हँडलला लागतात. पहिल्या वळणावर उजवा गुडघा आणि घंटी यांची टक्कर झाली आणि घंटी वाजली. दुसऱ्या वळणावर डावा गुडघा अडकला आणि मी वळलेच नाही, सरळ हवालदारांच्या कुंड्यांमध्ये गेले. सीट वर घ्यायला पाहिली, तर तिची दांडी तू बेताचीच कापलेली. मला दुखापत काही नाही. एक कुंडी गेली. नर्सबाई हसता हसता जमिनीवर बसल्या आणि मग मलाही हसू आवरेना. पण घरात आल्यावर ते पार ओसरलं. पंधरा जूनला सोळा दिवस उरले आहेत.

मापं मी तीनदा घेतली होती. मग चुकलं कुठे?

टाचणी


२ जून

टाचणे,

अशक्य. सगळे कागद काढून पुन्हा पाहिले. माझा हिशेब चोख आहे. चूक तुझीच असणार, आणि ती का झाली तेही सांगतो.

गेली तीस वर्षं मी तुझ्या हातचे शर्ट घालतो. एकही माझ्या मापाचा नाही. खांद्यात दोन बोटं जास्त, बाहीत दोन बोटं जास्त, पोटात तर आणखी एक मी मावेन. पूर्वी एकदा विचारलं होतं की एवढं कापड कशाला लागतं, तेव्हा तू म्हणालीस, "असू दे रे, माया ठेवली आहे." मी पुन्हा विचारलं नाही. बहिणीनं प्रेमानं शिवलेल्या कपड्याला कोण नावं ठेवतो?

तर तुझी मापं हातात आली, आणि मी मनाशी म्हटलं की हिचा हात काही बदलायचा नाही, इथेही हिनं माया ठेवलीच असणार. लोखंड काही धुतल्यावर आटत नाही. तूही आता वाढत्या अंगाची नाहीस. म्हणून प्रत्येक मापातून दोन इंच माया वजा केली आणि मगच नळ्या कापल्या.

आता तू म्हणतेस की लहान झाली. म्हणजे या वेळी नेमकी माया ठेवली नव्हतीस? मग तसं लिहायला नको?

दादा


५ जून

दादा,

लिहिलं होतं. "सूतभरही इकडेतिकडे नाही" याचा आणखी काय अर्थ होतो?

आता नीट ऐक, कारण मी फार चिडले आहे. माया म्हणजे सैल नव्हे. माया शिवणीच्या आत असते, बाहेरून ती दिसतच नाही. कापड कापताना शिवणीपलीकडे जे जास्तीचं ठेवतो आणि आत दुमडून टाकतो, त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर उसवून तेवढं बाहेर काढता यावं, एवढ्यासाठी ती असते. तिचा मापाशी काडीचा संबंध नाही. तीस वर्षं शिवणाऱ्या बाईचा भाऊ तू, आणि तुला हे ठाऊक नाही!

तुझे शर्ट मोठे आहेत कारण तुझं माप तसंच आहे. तू टेपपुढे उभा राहतोस तेवढाच नाहीस. कानस चालवताना तुझी दोन्ही कोपरं पंखांसारखी बाहेर जातात. पहिला शर्ट मी तुला अंगासरशी शिवला होता, तो आठ दिवसांत काखेतल्या मुंढ्यापासून टरकावून आणलास. त्यानंतरचे सगळे मी तुझ्या कामाच्या मापानं शिवले. हेच तू दातांच्या डॉक्टरांसाठी केलंस, तर ती कला. मी केलं की बहिणीचं वेडं प्रेम!

पोस्टमास्तरांचा पाय तू मोजलास, बाईंचे हात मोजलेस, आणि माझी मापं मी तीनदा घेऊन पाठवली, तर त्यांच्यावर तुझा विश्वास बसला नाही.

चिडलेच आहे तर उरलेलंही सांगून टाकते. माझं दुकान बंद झालं. फेब्रुवारीत. गिऱ्हाईक वाढलं ही थाप होती. पंधरा तारखेपासून मी तयार कपड्यांच्या दुकानात पँटी दुमडायला जाणार आहे. सायकल त्यासाठीच हवी होती. तू लोकांना माझं कौतुक सांगतोस, म्हणून तोंडातून शब्द फुटला नाही. मी पाय रोवून उभी वगैरे नाही, दादा. उभी होते तेवढी राहिले, मग घर चालवायला हवं होतं. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.

टाचणी


९ जून

टाचणीस,

तुझं पत्र आलं त्या दिवशीची हकीकत कळवते, कारण हे स्वतः लिहायला बसले आणि चार कागद फाडले.

पत्र तीनदा वाचलं. मग खुंटीवरचा तू शिवलेला शर्ट काढला, ब्लेडनं बाजूची शिवण वीतभर उसवली आणि आत दुमडलेलं इंचभर कापड उजेडाकडे धरून बघत बसले. मी विचारलं काय चाललं आहे, तर म्हणाले, "ही इथे असते होय." तो शर्ट तसाच फाटका घालून कारखान्यात गेले. दुपारी परत येऊन म्हणाले, "सगळ्यांची मापं घेतली आणि तिचं तेवढं गृहीत धरलं." डोळे पुसले. मला वाटलं की नोकरीचं ऐकून लागलं असेल, तसं विचारलंही. तर खेकसले, "नोकरीचं काय? कष्टाचं खाते. तिला मला सांगायची भीती वाटली, याचं मला काय वाटत असेल?"

तेव्हा ती भीती आता सोडून दे. मी मार्चमध्येच सांगितलं होतं. माझं या घरात कोणी ऐकत नाही.

आता महत्त्वाचं. हे म्हणताहेत की सायकल परत मागवतो, सांधे तापवून सोडवतो आणि नव्या नळ्या घालतो. तू ती देऊ नकोस. ह्यांच्या कागदावरची, ती माया वजा केलेली मापं मी वाचली. सव्वीस इंच, एकवीस इंच. वाचनालयाची दारं लावून घेतली आणि टेपनं स्वतःची मापं घेतली. सगळी जुळली, एकूण एक. छत्तीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार केला आणि रोज वाचनालयात चालत गेले. ह्यांनी गावभर लोकांच्या टांगा मोजल्या, माझी कधी मोजली नाही. शेवटी चुकून का होईना, माझ्या मापाची सायकल ह्यांच्या हातून झाली. ती माझी आहे. कोणी तिला आच दाखवली, तर बारीक कानस पुन्हा दिसायची नाही.

(हो, कानशीचं आता ह्यांना कळलं आहे. अबोला दोन तास टिकला.)

रविवारी आम्ही दोघं येतो. निळी सायकल अजून दुकानात आहे ना, तेवढं पाहून ठेव.

वहिनी


१६ जून

दादा,

काल पहिला दिवस झाला. निळ्या सायकलवरून पोचले, वेळेच्या आधी पोचले आणि गुडघ्यानं तक्रार केली नाही.

वहिनींना सांग की तुम्ही गेल्यावर हवालदार माझ्याकडे येऊन विचारून गेले, त्या हिरव्या सायकलवरच्या बाई पुन्हा कधी येणार म्हणून. गल्लीला अकरा फेऱ्या मारल्या त्यांनी. हवालदारांनी मोजल्या. दुसरी कुंडीही गेली, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

तू सायकलच्या दुकानात जे केलंस, त्यावरून अजून माझ्यात आणि नर्सबाईंमध्ये हसू चाललं आहे. अर्धा तास नळ्यांवर टिचक्या मारून आवाज ऐकलास, तोही तुझ्या त्या कानांनी. रंग जाड आहे म्हणालास, घंटी बेसूर आहे म्हणालास. मग मला तिच्यावर बसवून टेप काढलीस आणि एकेक माप घेत गेलास, आणि दर मापागणिक तुझा चेहरा उतरत गेला. सीट नखभर वर केल्याशिवाय तुला राहवलंच नाही. मी मनाशी ठरवलं होतं की तू गेलास की ती पुन्हा खाली करायची. काल चढावर कळलं की तूच बरोबर होतास. हे पत्र वहिनींना दाखवू नकोस.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तू टेप गुंडाळत होतास तेव्हा दुकानदारानं सहज विचारलं, ताई काय करतात? मी काही बोलायच्या आत तू मोठ्यानं म्हणालास, "माझी बहीण आहे. शिंपी आहे." मी तुझ्याकडे पाहिलं. तू सायकलच्या चेनकडे बघत होतास. तुला कदाचित आठवणारही नाही. पण दादा, तू "आहे" म्हणालास. दुकान बंद झाल्यापासून मी स्वतःशीसुद्धा "होते" म्हणत होते.

काल कामावर रुजू होताना तिथल्या साहेबांनी एक फॉर्म पुढे केला. नाव, वय, सगळं त्यांनी आधीच भरलं होतं आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मदतनीस". मी पेन हातात घेतलं आणि सही केली नाही. म्हटलं, साहेब, एवढं खोडा. मी शिंपी आहे.

त्यांनी खोडलं.

तुझी
टाचणी